सातपुड्यातील मार्गदर्शित पदभ्रमण

सातपुड्यातील मार्गदर्शित पदभ्रमण म्हणजे खानदेशच्या उत्तर सीमेवरील सातपुडा पर्वतरांगेत, स्थानिक वाटाड्याच्या किंवा प्रशिक्षित नेत्याच्या सोबतीने, पाठीवर आवश्यक सामान घेऊन केलेली एक किंवा अनेक दिवसांची पायी भटकंती होय. महाराष्ट्रात ही भटकंती प्रामुख्याने जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांच्या डोंगराळ पट्ट्यात होते. सह्याद्रीतील गड-किल्ल्यांच्या वाटांवर माणसांचा राबता असतो. दिशादर्शक खुणा आणि छापील माहितीपुस्तिकाही तेथे सहज मिळतात. सातपुड्याच्या अंतर्भागात अशा सोयी विरळ आहेत. त्यामुळे येथे वाटाड्या ही सोय नसून सुरक्षिततेची प्राथमिक अट मानली जाते.

== संज्ञा ==
मराठीत डोंगरातील पायी प्रवासासाठी 'पदभ्रमण', 'गिरिभ्रमण' आणि बोलीभाषेत 'ट्रेक' हे शब्द रूढ आहेत. दोर व इतर साधने वापरून कडे चढण्यास 'प्रस्तरारोहण' म्हणतात. तो वेगळा प्रकार आहे. वाट दाखविणाऱ्या स्थानिक व्यक्तीस 'वाटाड्या' म्हणतात. गटाचे नियोजन व शिस्त सांभाळणारा 'नेता' आणि वाट दाखविणारा वाटाड्या या दोन भूमिका वेगळ्या आहेत. लहान गटात त्या एकाच व्यक्तीकडे असू शकतात. मोठ्या गटात त्या स्वतंत्र ठेवल्या जातात.

== भौगोलिक पार्श्वभूमी ==
सातपुडा पर्वत नर्मदा आणि तापी या दोन पश्चिमवाहिनी नद्यांच्या दरम्यान पूर्व-पश्चिम पसरला आहे. दोन्ही बाजूंचा भाग खचून मधला भाग उंच राहिल्याने तो तयार झाला, म्हणून भूगोलात त्याला गट पर्वत म्हणतात. खानदेशालगतच्या भागात दख्खनच्या पठाराचा काळा बेसॉल्ट खडक आढळतो. धूपगड (१,३५० मी.) हे संपूर्ण रांगेतील सर्वोच्च शिखर मध्य प्रदेशात पचमढीजवळ आहे. महाराष्ट्राच्या हद्दीतील सर्वोच्च शिखर अस्तंबा (सुमारे १,३२५ मी.) नंदुरबार जिल्ह्यात आहे.

तापीच्या सपाट, काळ्या जमिनीच्या खोऱ्यातून ही रांग उत्तरेस एखाद्या सलग भिंतीसारखी दिसते. प्रत्यक्षात ती एकामागे एक अशा अनेक सोंडांची आणि त्यांमधील खोल नाल्यांची बनलेली आहे. एक सोंड ओलांडल्यावर तशीच दुसरी समोर येते, आणि दोन नाल्यांचे संगम एकमेकांसारखे दिसतात. नवख्या माणसाची दिशाभूल होण्याचे हे मुख्य कारण आहे. अनेर, सुकी, गोमाई या सातपुड्यात उगम पावणाऱ्या नद्या दक्षिणेकडे वाहत तापीच्या खोऱ्यात येतात. उत्तर उतारावरील पाणी नर्मदेस मिळते.

वने शुष्क पानझडी प्रकारची आहेत. साग, अंजन, सालई, मोह, टेंभुर्णी व चारोळी ही प्रमुख झाडे होत. फेब्रुवारीनंतर पानगळ पूर्ण होऊन सावली नाहीशी होते. पावसाळ्यात उलट रान इतके दाटते की उन्हाळ्यात स्पष्ट दिसणारी पायवाट गवताखाली झाकली जाते. एकाच वाटेचे हे दोन चेहरे ओळखणे हे वाटाड्याच्या ज्ञानाचे महत्त्वाचे अंग आहे.

== इतिहास ==
सातपुडा ओलांडणाऱ्या वाटांना प्राचीन काळापासून व्यापारी व लष्करी महत्त्व होते. बुऱ्हाणपूरजवळचा असीरगड अशाच एका खिंडीवर नजर ठेवणारा किल्ला असल्याने त्याला 'दक्षिणेचे द्वार' म्हटले गेले. या वाटांवरील जाणकारी पिढ्यान्‌पिढ्या भिल्ल व इतर आदिवासी समाजांकडे होती. खानदेश ब्रिटिश सत्तेखाली आल्यावर डोंगराळ भागावर नियंत्रण ठेवणे सरकारी फौजेस कठीण गेले, तेव्हा १८२५ मध्ये जेम्स औट्रम या अधिकाऱ्याने भिल्लांचीच पलटण उभी केली. धरणगाव हे तिचे केंद्र होते. १८५७ च्या उठावात खाज्या नाईक यांनी सातपुड्यातील घाटांचा आश्रय घेऊन ब्रिटिशांशी लढा दिला. या दोन्ही घटनांतून डोंगरातील वाटांच्या ज्ञानाचे सामरिक मूल्य दिसून येते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रात गिरिभ्रमणाची हौशी चळवळ वाढली. तिचा भर सह्याद्रीवर राहिला. सातपुड्याकडे वळणारे गट तुलनेने थोडे होते आणि आजही आहेत.

== प्रमुख परिसर ==

=== अस्तंबा ===
अस्तंबा शिखर धडगाव (अक्राणी) तालुक्यात आहे. महाभारतातील अश्वत्थामा शापित अवस्थेत या डोंगरात फिरतो, कपाळावरील जखमेसाठी तेल मागतो आणि रान-दरीत वाट चुकलेल्यांना मार्ग दाखवितो, अशी लोकश्रद्धा आहे. दिवाळीच्या सुमारास, धनत्रयोदशीच्या आसपास येथे मोठी यात्रा भरते. महाराष्ट्र, गुजरात व मध्य प्रदेशातून आलेले भाविक मुख्यतः तळोद्याच्या बाजूने गटागटाने डोंगर चढतात.

ही यात्रा सातपुड्यातील मार्गदर्शित पदभ्रमणाचे सर्वांत जुने आणि लोकप्रिय रूप म्हणता येईल. गावातील अनुभवी यात्रेकरू नवख्यांना सोबत घेतो, मुक्कामाची व पाण्याची ठिकाणे ठरवितो आणि शेवटच्या अवघड चढणीवर रांग लावतो. आधुनिक पदभ्रमणातील नेत्याची बहुतेक कामे येथे परंपरेने होत आली आहेत. यात्रेतील धोका केवळ शिखरावर नसतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये यात्रेकरूंचे वाहन चांदशैली घाटात दरीत कोसळून झालेल्या अपघातात अनेकांना प्राण गमवावे लागले. पायी वाट संपल्यानंतरचा थकव्यातील परतीचा प्रवासही नियोजनाचाच भाग असतो, हे या घटनेने अधोरेखित केले.

=== तोरणमाळ ===
तोरणमाळ हे नंदुरबार जिल्ह्यातील उंच पठारावरील थंड हवेचे ठिकाण आहे. शहाद्याहून सातपायरी घाटाने तेथे मोटाररस्ता जातो. यशवंत तलाव, सीताखाई ही खोल दरी आणि गोरक्षनाथांचे स्थान ही येथील प्रसिद्ध ठिकाणे होत. महाशिवरात्रीस येथे यात्रा भरते. पठारावरील चाल सोपी असली तरी कड्याखालील दऱ्यांत उतरणाऱ्या वाटा वस्त्या-पाड्यांना जोडणाऱ्या आहेत आणि त्या तेथील रहिवाशांखेरीज इतरांस सहसा ठाऊक नसतात.

=== यावल अभयारण्य व पाल ===
जळगाव, नशिराबाद व भुसावळ परिसरातील गट तापी ओलांडून यावल, फैजपूर किंवा सावद्यामार्गे या भागात येतात. यावल अभयारण्य १९६९ मध्ये घोषित झाले असून त्याचे क्षेत्र सुमारे १७७ चौ. किमी आहे. लंगडा आंबा, जामन्या या अंतर्भागातील वस्त्या आणि रावेर तालुक्यातील पाल हे सुकी नदीकाठचे गाव ही येथील ओळखीची ठिकाणे होत. पायथ्याशी केळीच्या बागा आणि काही किलोमीटरवर निर्मनुष्य रान, असा येथील भूप्रदेश आहे. या निकटतेमुळे अनेकदा अपुऱ्या तयारीने डोंगरात शिरण्याची चूक होते. यावल तालुक्यातील आडगावजवळचे मनुदेवी मंदिर आणि तेथील धबधबा हे एक दिवसाच्या भटकंतीचे लोकप्रिय ठिकाण आहे.

=== अनेर परिसर ===
धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यात १९८६ मध्ये घोषित झालेले अनेर धरण अभयारण्य आहे. धरणाचा जलाशय आणि त्याभोवतीच्या टेकड्या यांमुळे पक्षिनिरीक्षणाची जोड असलेल्या लहान पदभ्रमणांस हा भाग अनुकूल आहे.

=== नर्मदाकाठ ===
अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांचा उत्तर उतार थेट नर्मदेत उतरतो. सरदार सरोवर प्रकल्पाच्या जलाशयामुळे महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित झाली. नदीकाठच्या जुन्या वाटा अनेक ठिकाणी पाण्याखाली गेल्या असून काही पाड्यांकडे होडीनेच जावे लागते. जुन्या नकाशावर विसंबून या भागात उतरणारा गट जलाशयाच्या काठी अडकू शकतो.

== वाटाड्याची भूमिका ==
सातपुड्यात वाटाड्याचे काम पावरा, भिल्ल, तडवी आदी समाजांतील स्थानिक रहिवासी करतात. गुरे चारणे, मोहफुले, टेंभुर्णीची पाने व चारोळी गोळा करणे, आठवडी बाजारास जाणे अशा रोजच्या कामांतून त्यांना वाटांची माहिती झालेली असते. तिचे स्वरूप साधारणपणे पुढीलप्रमाणे सांगता येते :

* पाणी : कोणता झरा कोणत्या महिन्यापर्यंत टिकतो आणि कोरड्या नदीपात्रात झिरा कोठे खणता येतो.
* वाट : गुरांची वाट आणि माणसांची वाट यांतील फरक. गुरांची वाट बहुधा चराईच्या जागी संपते. माणसांची वाट वस्तीकडे जाते.
* वन्यप्राणी : अस्वल, बिबट्या यांचा वावर, आग्या मोहोळांच्या जागा.
* भाषा : पाड्यांवर पावरी, भिलोरी, तडवी अशा बोली बोलल्या जातात. पाणी किंवा मुक्कामाची जागा मागणे, आजारी माणसासाठी मदत मिळविणे हे बोली जाणणाऱ्याशिवाय अवघड जाते.
* संकेत : देवस्थानाच्या राया, स्मशाने आणि पिकाखालील शेते कोठून टाळावीत.

नेता हा गटाची क्षमता ओळखतो, तर वाटाड्या डोंगर ओळखतो. दोघांचे एकमत नसल्यास सावध पर्याय निवडावा, हा पदभ्रमणातील मान्य दंडक आहे. वाटाड्याने 'आता परत फिरू' असे सांगितल्यावर पैसे देणाऱ्या पाहुण्यांच्या आग्रहाखातर पुढे जाणे धोक्याचे ठरते. आपला नकार मान्य होईल याची खात्री नसेल, तर वाटाड्या तो स्पष्टपणे व्यक्त करीत नाही. म्हणून परत फिरण्याचा अधिकार त्याच्याकडे राहील आणि परत फिरल्यासही पूर्ण मोबदला मिळेल, हे निघण्यापूर्वीच सर्वांसमक्ष ठरविणे इष्ट असते.

== हंगाम व नियोजन ==
नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा पूर्वार्ध हा सर्वांत योग्य काळ होय. जून ते सप्टेंबर या काळात ओढ्यांना अचानक पूर येतात. पाऊस वरच्या खोऱ्यात पडत असला तरी खाली निरभ्र आकाशाखाली पाणी चढू शकते. पाणी गढूळ होणे, त्यात पालापाचोळा वाहत येणे आणि आवाज वाढणे ही पुराची पूर्वचिन्हे मानली जातात. अशा वेळी पात्र ओलांडण्याऐवजी उंच जागी थांबून पाणी ओसरण्याची वाट पाहिली जाते.

मार्चपासून उष्णता झपाट्याने वाढते. भुसावळ-जळगाव भागात उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसपर्यंत किंवा त्याहून वर जाते. पायथ्याच्या खडकाळ उतारांवर पानगळीनंतर सावली नसल्याने या काळातील दीर्घ पदभ्रमण टाळले जाते.

चालीचा वेळ काढण्यासाठी स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला नियम जगभर वापरला जातो : दर ५ किमी अंतरास एक तास आणि दर ६०० मी. चढाईस आणखी एक तास. त्यानुसार १० किमी अंतर व ६०० मी. चढ यांस तीन तास लागतात. हा हिशेब विश्रांती न घेणाऱ्या सशक्त माणसाचा आहे. पाठीवरील ओझे, ऊन आणि गटातील सर्वांत हळू चालणारी व्यक्ती लक्षात घेऊन त्यात मोठी वाढ करावी लागते. सूर्यास्ताच्या किमान दोन तास आधी मुक्कामी पोहोचेल असा बेत आखला जातो.

== धोके व प्रथमोपचार ==

=== उष्माघात ===
तहान, डोकेदुखी, मळमळ व पेटके ही सुरुवातीची लक्षणे होत. बोलण्यात असंबद्धता येणे किंवा शुद्ध हरपणे हे उष्माघाताचे चिन्ह असून ती तातडीची स्थिती आहे. रुग्णास सावलीत झोपवून कपडे सैल करणे, अंग पाण्याने भिजवून वारा घालणे आणि त्वरित रुग्णालयात हलविणे आवश्यक असते. बेशुद्ध व्यक्तीस तोंडाने पाणी पाजू नये.

=== सर्पदंश ===
नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे भारतातील प्रमुख चार विषारी साप होत. दंश झालेला अवयव हलू न देता रुग्णास शांत ठेवणे आणि प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात नेणे हाच उपाय आहे. जखम कापणे, विष चोखणे किंवा घट्ट दोरी बांधणे अपायकारक ठरते.

=== अस्वल व मधमाश्या ===
मोहाची फुले पडण्याच्या काळात पहाटे अस्वले झाडाखाली येतात आणि माणसेही फुले वेचण्यास त्याच वेळी जातात. त्यामुळे समोरासमोर गाठ पडण्याचा संभव वाढतो. दाट झुडपांतून जाताना आवाज करीत, एकत्र चालणे हितावह असते. कड्यांवरील आग्या मोहोळांजवळ धूर, उग्र अत्तर व गोंगाट टाळला जातो.

=== वाट चुकणे ===
वाट चुकल्याचे लक्षात येताच थांबणे, शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंत माघारी येणे आणि गट न फोडणे हे मूलभूत नियम आहेत. ओढ्याच्या पात्रातून खाली उतरत जाण्याचा मोह बहुधा घातक ठरतो, कारण पात्रात मध्येच उभे कडे लागतात. अंतर्भागात भ्रमणध्वनीचा संपर्क खात्रीचा नसतो. म्हणून गटातील व्यक्तींची नावे, मार्ग आणि परतीची वेळ पायथ्याच्या गावात व घरी लिहून ठेवली जाते. संपर्क मिळाल्यास ११२ (आपत्कालीन मदत), १०८ (रुग्णवाहिका) आणि १९२६ (महाराष्ट्र वन विभाग) हे क्रमांक उपयोगी पडतात.

== कायदेशीर बाबी ==
वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २७ व २८ नुसार अभयारण्यात प्रवेशासाठी परवाना लागतो. पर्यटन हे परवान्याचे एक मान्य प्रयोजन आहे. अभयारण्यास धोका पोहोचेल अशा रीतीने आग पेटविण्यास या कायद्याने मनाई आहे. वाटाड्या स्थानिक असला, तरी त्याची सोबत म्हणजे परवाना नव्हे. अनेकदा पाहुण्यांकडे परवाना नसल्याचा दोष वाटाड्याच्या माथी येतो. तो टाळण्यासाठी परवाना काढण्याची जबाबदारी आयोजकाने घेणे अपेक्षित आहे.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण स्वीकारले. जमीन, पाणी व हवा या तिन्ही माध्यमांतील साहसी उपक्रम त्याच्या कक्षेत येतात. आयोजकांची नोंदणी आणि सुरक्षाविषयक मार्गदर्शक सूचना हे त्याचे मुख्य घटक आहेत.

== स्थानिक समाज व पर्यावरण ==
सातपुड्याचा हा भाग निर्जन वाटला तरी निवासी आहे. पाड्यावरील झरा हा तेथील कुटुंबांचा पिण्याच्या पाण्याचा एकमेव स्रोत असू शकतो. त्यात साबणाने धुणे किंवा भांडी घासणे हा केवळ अस्वच्छतेचा प्रश्न राहत नाही. सरपण, पिण्याचे पाणी व मुक्कामाची जागा यांबाबत गावाची संमती घेणे, कचरा परत नेणे आणि परवानगीशिवाय माणसांची छायाचित्रे न काढणे हे संकेत जबाबदार गट पाळतात. भोंगऱ्या बाजार किंवा होळीसारख्या सणांच्या काळात गावातील माणसे स्वतःच्या कार्यात गुंतलेली असल्याने वाटाड्या मिळणे कठीण जाते. वाटाड्याचे काम हंगामी असून शेती व मजुरीस ते पूरक उत्पन्न ठरते. त्याच्या विम्याची व उपचारांची तरतूद पाहुण्यांइतकीच आवश्यक असते, कारण अपघातात तोच पुढे असतो.

== इतर देशांशी तुलना ==
निर्जन पर्वतप्रदेशातील मार्गदर्शित पदभ्रमण ध्रुवालगतच्या शीत प्रदेशांत विशेष विकसित झाले आहे. अमेरिकेच्या अलास्का राज्यातील 'गेट्स ऑफ द आर्क्टिक' या १९८० मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय उद्यानात रस्ते किंवा आखीव पायवाटा नाहीत. पदभ्रमण करणारे लहान विमानाने तेथे उतरतात, सर्व अन्न पाठीवर वाहतात आणि अस्वलांपासून ते वाचविण्यासाठी बंद डबे वापरतात. स्वीडनच्या उत्तरेकडील 'कुंग्सलेदेन' ही सुमारे ४४० किमी लांबीची वाट याउलट खुणांनी आखलेली असून तिच्या बऱ्याच भागात मुक्कामासाठी झोपड्या आहेत. नेपाळने एप्रिल २०२३ पासून परदेशी पदभ्रमण करणाऱ्यांसाठी वाटाड्या घेण्याचा नियम लागू केला.

अलास्कात थंडी व हिमनद्यांचे पाणी, तर सातपुड्यात ऊन व पाण्याचा अभाव हे मुख्य शत्रू आहेत. आखीव वाटेचा अभाव, मदत पोहोचण्यास लागणारा दीर्घ काळ आणि वेळेत माघार घेण्याची गरज या बाबतींत मात्र दोन्ही प्रदेश एकमेकांच्या जवळचे ठरतात. मोठा फरक वस्तीचा आहे : अलास्कातील गटास बरेच दिवस माणूस भेटत नाही, सातपुड्यात मात्र वाट एका पाड्यातून दुसऱ्या पाड्यात जाते. येथील सुरक्षितता साधनांइतकीच त्या पाड्यांशी असलेल्या संबंधांवर अवलंबून असते.

== हे सुद्धा पहा ==
* सातपुडा
* अस्तंबा
* तोरणमाळ
* यावल अभयारण्य
* गिर्यारोहण